अंगठ्याचा निकाल

"अंगठा उजव्या हातात मोडतो का नाही, तेवढं सांगा," उमाकांत म्हणाला. "मला बाकी काही नको."

ब्रदर उपेंद्रांनी तक्त्यावरची छडी खाली घेतली आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. शाळेतल्या मास्तरानं शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं.

तक्ता सात फूट लांब, फ्लेक्सचा. डाव्या टोकाला एदेन बाग, उजव्या टोकाला अग्नीचं सरोवर, आणि मधे जगाचा सगळा इतिहास बाणांनी भोसकलेला. अंबत्तूरच्या बॅनरवाल्यानं सरोवराच्या ज्वाळा कुठल्याशा बिर्याणीच्या जाहिरातीतून उचलल्या होत्या. नीट पाहिलं तर खाली हंडीची कड अजून दिसत होती. उमाकांतनं ती पहिल्याच रविवारी पाहिली होती. तेव्हापासून जगाचा अंत म्हटलं की त्याला भूक लागे.

"ब्रदर, प्रश्न अंगठ्याचा नाही," उपेंद्र म्हणाले. ते मैलापूरच्या एका बँकेतून निवृत्त झाले होते आणि देवाच्या कामातही काउंटरवरचाच आवाज लावत. "प्रश्न क्रमाचा आहे. आधी विश्वासणारे स्वर्गात उचलले जाणार. मग सात वर्षांचं महासंकट. उजव्या हातावरची श्वापदाची खूण, जी घेतली की माणूस कायमचा या सरोवरात, ती त्या सात वर्षांत. आपण अजून इथंच बसलोय, म्हणजे ती खूण अजून आलेली नाही. सरळ आहे."

"म्हणजे आमच्या हिनं, विजयालक्ष्मीनं, दवाखान्यातल्या मशीनवर अंगठा दिला तर चालतो."

"अर्थातच."

"अर्थातच कसं?" उन्मेष उसळून उठला. हा श्रीपेरुंबुदूरच्या मोटारीच्या कारखान्यात तपासनीस. आठवडाभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा आणि रविवारी शास्त्रातल्या. "कोण म्हणतं आधी उचलले जाणार? विश्वासणाऱ्यांना संकटातून जावंच लागणार. म्हणजे खूण आपल्यासमोरच येणार, आपल्यालाच विचारणार. कदाचित आली पण असेल. आज दवाखान्यात अंगठा, उद्या रेशनला, परवा अंगठ्याशिवाय भाकरी नाही. अजून काय पाहिजे?"

"मग तिनं करावं काय?" उमाकांतनं विचारलं.

"विश्वासानं उभं राहावं."

"तिला उभं राहता येत नाही, ब्रदर. पाय सुजलेत."

कुणीतरी मागं खोकलं. अठरा-वीस माणसं होती. जालना, नगर, सोलापूर अशा ठिकाणांहून कारखान्यांच्या मागं आलेली, तमिळ शेजारात म्हातारी झालेली. तमिळ चर्चनं मागची शेड त्यांना रविवारी तीन ते पाच दिली होती. उमाकांत त्यातला सर्वांत जुना. चाळीस वर्षं इंडस्ट्रियल इस्टेटमधे पंप दुरुस्त करत आलेला. बोअरमधून वर काढलेल्या पंपात काय बिघडलंय ते तो हात लावून सांगे. पंपानं कधी त्याच्याशी वाद घातला नव्हता, म्हणून त्याला पंप आवडत.

या मंडळींबद्दल त्याला काय वाटतं ते त्यानं कधी तोंडानं सांगितलं नव्हतं. बायकोला सोडायला यायचा, मागच्या खुर्चीवर बसायचा, बायकोला घेऊन जायचा. गेल्या पंधरा वर्षांत याच शेडीत जग चार वेळा संपायला आलं होतं. दर वेळी तारीख उलटली की उपेंद्र तक्त्यावर नवा बाण चिकटवत आणि चहा मागवत.

आज मात्र तो बायकोशिवाय आला होता, आणि पहिल्यांदा उभा राहून बोलत होता.

झालं होतं ते असं. विजयालक्ष्मीची मूत्रपिंडं दोन वर्षांपूर्वी गेली. सोमवारी आणि गुरुवारी सरकारी विम्याच्या कार्डावर तिचं रक्त मशीनमधून शुद्ध होई. आजवर कारकून वहीत नाव लिहून घ्यायचा. मागच्या गुरुवारी वहीच्या जागी काळी डबी आली. उजवा अंगठा ठेवा, हिरवा दिवा लागला की आत जा. विजयालक्ष्मीनं डबी पाहिली, हात पदरात घेतला आणि रांगेतून बाहेर आली. खासगी दवाखान्यात उमाकांतनं चौकशी केली. दोन आठवडे जागा नव्हती, आणि असती तरी तो खर्च किती दिवस झेपला असता? रक्त शुद्ध होऊन सहा दिवस झाले होते. तिच्या पायांवर बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. रात्री उशाला तीन उशा लावून ती बसूनच झोपे.

"मंडळी काय ठरवते ते ऐकून या," ती सकाळी म्हणाली होती. "मंडळी म्हणाली चालतं, तर मी उद्या येते."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे. त्या मागण्यानं त्याला या लोकांपुढं उभं केलं.

"एक तोडगा आहे," उन्मेष आता जरा मवाळ होऊन म्हणाला. "शास्त्रात उजवा हात म्हटलंय. डावा म्हटलेला नाही. ताईंनी डावा अंगठा द्यावा."

"म्हणजे देवाला फसवायचं?" उपेंद्र हसले. "तो काय तुमच्या कारखान्यातला सुपरवायझर आहे?"

"तुमचा देव बँकेतला आहे, ब्रदर. सगळं क्रमानं, टोकन घेऊन."

शेडीत हशा झाला. दोघांनाही तो आवडला. मग भविष्यवाणीतली सत्तर सप्तकं निघाली, श्वापदाची दहा शिंगं निघाली, एका शिंगाचा कुठल्या देशाशी संबंध आहे यावर तिघं एकदम बोलू लागले. उमाकांत उभाच होता. बोलणारे त्याच्या दोन्ही बाजूंनी बोलत होते, रस्त्यात खांब आला की माणसं जशी बाजूनं जातात तसे.

पावणेपाचला उन्मेषची बायको ऊर्मी चहाची किटली घेऊन आली.

"ब्रदर," उमाकांत म्हणाला, "उद्या सोमवार आहे."

"गंभीर विषय आहे. घाईत निकाल देणं बरोबर नाही," उपेंद्र कप घेत म्हणाले. "पुढच्या रविवारी यावरच बसू. तोवर उपास आणि प्रार्थना."

"तिला पाणीसुद्धा मोजून दिलंय डॉक्टरनं. उपास कशाला सांगता?"

"आपण सगळे करू ना तिच्यासाठी," उपेंद्र म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

पाचला तमिळ पोरं गिटार घेऊन दारात उभी राहिली. तक्ता गुंडाळला गेला. एदेन बागेपासून सरोवरापर्यंत सगळं एका रबरबँडमधे बसलं.

घर जेमतेम दहा मिनिटांच्या अंतरावर होतं. उमाकांतनं तीन वेळा सायकल थांबवली. चौथ्यांदा थांबला तो आपल्याच दारात.

विजयालक्ष्मी पलंगावर तक्क्याला टेकून बसली होती. चेहरा पिठासारखा.

"काय ठरलं?"

"चालतं म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"उपेंद्र. ते अजून व्हायचंय, म्हणाले. आपण आधी उचलले जाणार, खूण नंतर. सगळं क्रमानं दाखवलं छडीनं."

"आणि उन्मेष? त्यानं मान्य केलं?"

"केलं."

"उन्मेषनं?"

"म्हणाला, माझं चुकलं." उमाकांत कोपऱ्यातल्या हत्यारांच्या पेटीकडे गेला, उगीच ती उघडली आणि बंद केली. "वर म्हणाला, मनात शंका असली तर डावा द्यावा. डाव्याला काहीच दोष नाही."

तिनं पाय पांघरुणाखाली ओढून घेतले. तिला एका दमात चार शब्द जमत, म्हणून ती ते जपून वापरी.

"बरं," ती म्हणाली. "अंघोळीला पाणी लवकर ठेवा उद्या."

सोमवारी सकाळी तो शेजाऱ्याची ऑटो बोलवून परतला, तेव्हा ती फोन खाली ठेवत होती. त्यानं विचारलं नाही. दवाखान्याच्या बाकावर रांगेत बसल्यावर तिनंच सांगितलं.

"सकाळी ऊर्मीचा फोन आला होता."

उमाकांतनं समोरच्या भिंतीवरचं रक्तदाबाचं चित्र वाचायला घेतलं. सगळं तमिळमधे होतं. चाळीस वर्षांत त्याला तमिळ बोलता आलं, वाचता आलं नाही.

"काय म्हणाली?"

"पाय कसे आहेत विचारत होती." तिनं दम घेतला. "चहात आलं जास्त पडलं म्हणे. पुढचा रविवार ठरलाय. तोवर उपास."

तिनं पिशवीतून विम्याचं कार्ड काढलं. तिनं रागवावं, रडावं, निदान खोटारडे म्हणावं, म्हणून तो वाट पाहत राहिला. पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला शेजारी बसलेल्या बाईच्या श्वासातून काही कळेना.

"विजू, आपण परत जायचं का?"

"आणि मग?"

उमाकांत पुन्हा भिंतीवरच्या चित्राकडे पाहू लागला.

"तुम्ही भात लावता तेव्हा किती पाणी घालता?" तिनं विचारलं.

"आं?"

"दोन वर्षं झाली शिकवून. अजून खीर होते." ती त्याच्याकडे पाहत होती. "शर्टाचं बटण कुठल्या डब्यात असतं ते तरी माहिती आहे का?"

"नाही."

"मग कसं जायचं मी?"

कारकुनानं नाव पुकारलं. ती उठली. त्यानं कोपराला धरलं तर तिनं हात सोडवून घेतला आणि खिडकीपर्यंत एकटी गेली. डबीसमोर तिनं डोळे मिटले. ओठ हलले. काय म्हणाली ते उमाकांतला ऐकू आलं नाही, पण इतक्या वर्षांत तिची प्रार्थना इतकी लहान कधी झाली नव्हती. मग तिनं उजवा अंगठा काचेवर ठेवला.

लाल दिवा लागला.

"नल्ला अमुत्तुंग, अम्मा," कारकून म्हणाला. नीट दाबा.

तिनं दाबला. लाल. पुन्हा लाल. पन्नास वर्षं राखेनं आणि नंतर साबणानं भांडी घासून त्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच गेल्या होत्या. जे द्यायचं की नाही यावर अठरा माणसं दोन तास भांडली, ते मशीनला दिसतच नव्हतं. उमाकांतला हसू आलं.

"डावा द्या, अम्मा," कारकून म्हणाला. "कुठलंही बोट चालतं. मागं रांग आहे."

"डावा दे विजू," उमाकांत पटकन म्हणाला. "डावा चालतो म्हणतोय तो."

तिनं मान हलवली.

"द्यायचंच तर समोरून देते. चोरून कशाला?"

मागची माणसं चुळबुळू लागली. एका बाईनं 'अय्यो' केलं. विजयालक्ष्मीनं अंगठा पदराला पुसला, तोंडातल्या वाफेनं ओला केला, पुन्हा ठेवला. उमाकांतनं खिशातला रुमाल काढला, त्यावर ग्रीस होतं, परत खिशात घातला. मग त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा शर्टाच्या आतल्या स्वच्छ बाजूनं नीट कोरडा केला आणि स्वतः काचेवर धरून दाबला. दोघांचे हात एकमेकांवर. सातव्यांदा हिरवा दिवा लागला.

"झालं," कारकून म्हणाला. "नेक्स्ट."

चार तास तिचं रक्त मशीनमधून फिरलं. संध्याकाळी ती एका उशीवर झोपली.

पुढच्या रविवारी ती स्वतः चालत शेडीत आली. पाय उतरलेले पाहून सगळ्यांना आनंद झाला. "पाहिलंत?" उन्मेष म्हणाला. "उपासाचं सामर्थ्य." अंगठ्याचं काय करायचं ते कुणी काढलं नाही, कारण उपेंद्रांना आठवड्यात जगाच्या अंताला वाजणाऱ्या सात कर्ण्यांबद्दल नवं काही सापडलं होतं. पाचवा कर्णा वाजून गेला आहे की वाजायचा आहे, यावर दोन्ही पक्ष तयारीनं आले होते. उपेंद्रांनी नवा बाणसुद्धा आणला होता, केशरी.

"आपल्या विषयाचं काय, ब्रदर?" उमाकांतनं विचारलं.

"कुठला?" उपेंद्र म्हणाले. मग त्यांना आठवलं. "हां, हां. पण ताई तर बऱ्या झाल्या ना आता?"

महिन्याचा पहिला रविवार होता. वादाआधी प्रभुभोजन. पाळक महिन्यातून एकदाच येत. त्यांनी भाकरी मोडली, स्टीलच्या ताटात तुकडे ठेवले, आणि ताट एका हातातून दुसऱ्या हातात फिरू लागलं. उमाकांतनं घेणं कधीच सोडलं होतं. त्याच्याकडून ताट तिच्याकडे जाई आणि ती तुकडा घेऊन डोळे मिटून बसे. बाप्तिस्मा झाल्यापासून तिचा एकही महिना चुकला नव्हता. तापात चुकला नव्हता. पोटातलं मूल गेलं त्या महिन्यातही चुकला नव्हता.

ताट उमाकांतकडे आलं. त्यानं ते तिच्या हातात दिलं.

तिनं ते दोन्ही हातांनी धरलं. तुकड्यांकडे पाहिलं. परक्या घरची मांडलेली पंगत दारातून पाहावी, तसं. मग तिनं ताट शेजारच्या ऊर्मीकडे सरकवलं.

उमाकांतला कळायला क्षणभर लागला. कळलं तेव्हा त्याचे कान तापले. निकाल लागला होता. तिनंच लावला होता, तिच्याच विरुद्ध: खूण घेतलेल्या हाताला ही भाकरी नाही. आणि पुढचे सगळे महिने तिनं त्याच्या भातासाठी, त्याच्या बटणांसाठी मोजून दिले होते. त्याला उठून ओरडायचं होतं. तो तक्ता ओढून काढायचा होता, हंडीसकट. पण पाळकाचे डोळे मिटलेले होते, उपेंद्र छडी पुसत होते, उन्मेष कागदावर मुद्दे लिहीत होता. कुणी पाहिलं नव्हतं. कुणी पाहू नये अशीच ती बसली होती, पदर डोक्यावर, पाठ ताठ.

"विजू," तो कुजबुजला.

"श्श," ती म्हणाली. "पेले येतायत."

द्राक्षरसाच्या पेल्यांचं तबक आलं. लहान लहान पेले, काठोकाठ. दोन वर्षं सुया खाल्लेला तिचा हात थरथरायचा, म्हणून उमाकांतनं तबकाखाली हात नेला, पण तिनं ते एकटीनं घेतलं आणि पेला न उचलता एकटीनं पुढं दिलं. एकाही पेल्यातला रस हिंदकळला नाही.