बत्तीस पावलांचा मासा

निजामाच्या एवढ्या थोरल्या राज्यात काय नव्हतं? एक समुद्र नव्हता. त्यापायीच जळकोटच्या गुरुसिद्धप्पाची पंचाईत झाली होती.

लढाईच्या दिवसांत तो सोलापूरला जाऊन पलटणीत शिरला, खेचरं सांभाळायच्या कामावर. आगबोटीनं मुलूखभर हिंडला आणि एका पायानं लंगडत परत आला. माणसापेक्षा उंच पक्षी बघितला म्हणाला, गावानं मानलं. दोघं पाठीवर बसतील असं कासव सांगितलं, तेही पचलं. पण वाळूवर येऊन पडलेला, डोक्यापासून शेपटापर्यंत बत्तीस पावलं भरलेला मासा काही गावाच्या घशाखाली उतरेना. दर्याकडचे लोक त्याला देवमासा म्हणतात. जळकोटात मात्र लोक पोट धरून हसले आणि गुरुसिद्धप्पाचा मासाप्पा झाला.

बायको नागम्मा हसायची नाही, चिडायची. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत न येणारं लिंगायताचं घर, आणि त्यात तिन्हीत्रिकाळ माशाच्या गोष्टी! तो सांगू लागला की ती पाठ फिरवून चूल फुंकत बसायची. तीन वर्षं असंच चाललं होतं.

अशात लेकीला, महादेवीला, वाशीच्या महांतप्पा वाण्याच्या घरून मागणी आली. माणसं तालेवार, मुलगा गुणी. असं स्थळ काही रोज दारात येत नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी गुरुसिद्धप्पा तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसला होता, तेवढ्यात नागम्मा समोर येऊन बसली.

“अवो, लिंगाची आण घ्या. सोयरीक पक्की हुईस्तवर माशाचं नाव तोंडातनं काढायचं न्हाय.”

त्यानं मुकाट्यानं घेतली. लेकीसाठी बाप काय करत नाही!

पाहुणे आले. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, जेवणं झाली, मुलगी पसंत पडली. गुरुसिद्धप्पा आता हुश्श करणार, तोच महांतप्पानं सुपारी कातरता कातरता विषय काढला.

“राग मानू नका, पर इचारतो. तुमी बत्तीस पावलांचा मासा बघितला म्हणं. खरं हाय का थाप? आमचा समदा धंदा जबानीवर. थापाड्या सोयरा आमाला चालायचा न्हाय.”

गुरुसिद्धप्पाच्या तोंडाला कुलूप बसलं. होय म्हणावं तर आण मोडते, नाही म्हणावं तर गळ्यात लिंग असताना धडधडीत खोटं. तो घोंगडीच्या दशा उपटत खाली बघत राहिला. महांतप्पानं थोडा वेळ वाट पाहिली आणि बाजूला काढून ठेवलेला पटका उचलला. आतल्या दाराशी उभ्या महादेवीचा चेहरा उतरला. ते बघून बापाचं काळीज तुटलं.

“अण्णा, जरा बसा,” दाराआडून नागम्माचा आवाज आला. “त्यांना बोलायची बंदी म्याच केलीया, सकाळी आण घालून. म्हून म्याच सांगते. आमच्या शेजारच्या दगडोबानं बांधावर साप बघितला. पैल्या साली मनगटाएवढा हुता, दुसऱ्या साली मांडीएवढा, औंदा मुसळाला दोनदा येढा घालतोय. ह्यांचा मासा तीन वर्सं ऐकतीया म्या. पैल्या दिशी बत्तीस पावलं हुता, आजबी बत्तीसच हाय. थाप असती तर आतापतुर नळदुर्गच्या किल्ल्याएवढा झाला असता!”

 महांतप्पा असा खदाखदा हसला की कातरलेली सुपारी घोंगडीवर सांडली. पटका त्यानं पुन्हा खाली ठेवला.

“तीन वर्सांत माप बोटभर सरकलं न्हाय! आमच्या दुकानातबी असं घडंना. गूळ आणा, गुरुसिद्धप्पा. पोर आमची झाली.”

गूळ वाटला. उन्हं कलताना पाहुण्यांची गाडी वाशीच्या वाटेला लागली, तरी गुरुसिद्धप्पा ओसरीवर बसूनच होता. सोयरिकीचा आनंद होताच, पण डोळे भरले होते ते वेगळ्याच गोष्टीनं.

“तू ऐकत हुतीस व्हय गं? मला वाटायचं, निस्ती चूल फुकतीस.”

“पाठ फिरवली म्हून कान फिरत्यात व्हय?” नागम्मा शेजारी टेकली. “समदं ऐकलंय. एक तेवढं तुमी कधी सांगितलं न्हाय. त्येचा डोळा केवढा हुता?”

गुरुसिद्धप्पानं बोटं जुळवून हवेत गोल केला.

“ल्हान,” तो म्हणाला. “मोसंबीएवढा. एवढं मोठं धूड, आन डोळा एवढुसा. जित्ता हुता गं त्यो. माझ्याकडंच बघत हुता. म्या खेचराच्या बादलीनं दिसभर त्येच्यावर पानी वतलं. पलटणीतली पोरं हसत हुती. म्हून हे कुनालाच सांगितलं न्हाय.”

“मग?”

“सांजच्याला डोळा मिटला त्येनं.”

 नागम्मा पदरानं डोळे टिपून आत गेली. दिवेलागणीला ती पूजेला बसली. रोज ती लिंगावर एकच बेलाचं पान वाहायची. आज दोन वाहिली.

“दुसरं कुनाचं?” गुरुसिद्धप्पानं दारातून विचारलं.

“तुमच्या माशाचं,” ती म्हणाली आणि तिनं हात जोडले.