चिन्ह चुकलं तेव्हा

मी फळा बोलतोय. शाळेतला लांबरुंद नव्हे, घरातला, दोन हात रुंदीचा. सुताराने उरलेल्या फळीला रंधा मारून मला घडवलं आणि गणिताच्या एका निवृत्त मास्तरांनी मला आपल्या पलंगासमोर टांगलं.

आसपासची मुलं गृहपाठ घेऊन यायची. मास्तर उत्तर कधीच सांगत नसत. "आधी काय दिलंय ते लिही. मग काय काढायचंय ते," एवढंच म्हणत. माझ्या अंगावरून गणित पायरी पायरीने खाली उतरायचं. खडूचा तो स्पर्श मला फार आवडे.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलं यायची थांबली. माझ्या खिळ्याला औषधांची पिशवी लटकली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना बोलतं करा." पण घरच्यांनी काही विचारलं की मास्तर डोळे मिटून घेत.

त्यांची नात आठवीत होती. गणिताशी तिचं उभं वैर. एका संध्याकाळी तिने पिशवी काढून ठेवली आणि खडू घेतला.

"आजोबा, मी इथेच गृहपाठ करते. तुम्ही नुसतं बघा."

तिने त्रिकोण काढला. कोन होते क्ष, २क्ष आणि क्ष + २०. "तिघांची बेरीज एकशे ऐंशी," ती पुटपुटली आणि लिहिलं, ४क्ष + २० = १८०. इथवर ठीक. खाली लिहिलं, ४क्ष = २००.

पलंगाच्या कडेवर टकटक झाली. मास्तर डाव्या हाताने ठोकत होते.

"पाणी हवंय? आईला बोलावू?"

त्यांचे ओठ थरथरले. बऱ्याच वेळाने घासत, अडखळत शब्द आला, "चि... चिन्ह."

ती माझ्याकडे वळली. अधिक वीस पलीकडे जाताना उणे व्हायला हवं होतं. तिने पुसून लिहिलं, ४क्ष = १६०, क्ष = ४०. कोन आले चाळीस, ऐंशी, साठ. बेरीज जुळली. तिची आई, मास्तरांची सून, ओल्या हातांनी दारात आली तेव्हा आजोबा आणि नात दोघंही रडत होते.

मग रोजच गृहपाठ माझ्यावर होऊ लागला. मास्तरांच्या तोंडी एकेक शब्द परतला: 'उणे' आला, 'कंस' आला, 'लंब' आला. तिचं गणित सुधारलं, तरी चुका काही कमी होईनात. एकदा तिने त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोनशे लिहिली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"मुद्दाम," ते म्हणाले.

तिने जीभ चावली. "हो."

मास्तर अर्ध्या ओठांनी हसले. "मग... जरा... अवघड चूक कर."

आता माझा रंग उडालाय. सून म्हणते, नवा फळा आणू. तिला एवढंच सांगा, मला काळ्या रंगाचा एक हात द्या आणि इथेच राहू द्या. वर्तुळाचा धडा सुरू होतोय, आणि 'स्पर्शिका' म्हणणं मास्तरांना अजून जमलेलं नाही.