हातमोजे सोडून सगळं

मित्रांनो, मी एक जुना ग्लोव्ह बॉक्स आहे. गाडीत पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर झाकणाचा एक कप्पा असतो ना, तो मी. ग्लोव्ह म्हणजे हातमोजे. पण चौदा वर्षं माझ्यात कुणी एकही हातमोजा ठेवला नव्हता. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळं प्लॅस्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि मी तयार झालो. तपासणाऱ्या माणसाने मला तीस वेळा उघडलं, तीस वेळा मिटलं. दर वेळी मी 'टक' असा स्वच्छ आवाज केला. तो समाधानाने हसला. त्या कौतुकावर मी बरीच वर्षं काढली.

माझी पहिली मालकीण ग्लासगोची एक डॉक्टरीणबाई. तिने माझ्यात नकाशा, पेपरमिंटच्या गोळ्या आणि चष्मा ठेवला. मला हळू मिटायची. दुसरा मालक ब्रिस्टलचा एक विद्यार्थी. तो मला गुडघ्याने मिटायचा. दोन वर्षांत त्याने माझी कडी तोडली आणि फटीत पिझ्झाच्या दुकानाचं मेन्यूकार्ड घडी करून कोंबलं. तेव्हापासून रस्त्यात जरा खड्डा आला की माझा जबडा उघडा पडतो. याबद्दल मी जेवढी बोलणी खाल्ली, तेवढी गाडीच्या इंजिनानेही खाल्ली नसतील.

मग मी इंग्लंडातच कॉव्हेंट्रीला धम्मशीलाकडे आलो. ती मूळची नागपूरची, इथे नर्स. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधते, इन्सुलिन देते. दिवसातले सहा तास ती गाडीतच असते. तिने माझ्यात बँडेज, बिस्किटं आणि पार्किंगच्या पावत्या भरल्या. माझी काही हरकत नव्हती.

नोव्हेंबरमधल्या एका दुपारी, सिग्नलला गाडी थांबलेली असताना, एका माणसाने तिच्या बाजूचा दरवाजा ओढला. दरवाजा लॉक होता. तो काचेवर दोनदा थापा मारून, काहीतरी ओरडून निघून गेला. एवढंच झालं. पण त्यानंतर प्रत्येक सिग्नलला धम्मशीलाचे हात थंड पडू लागले. ती ते एकमेकांवर चोळायची. ते मी रोज पाहायचो आणि मला फार वाईट वाटायचं.

हे तिचे उल्हासमामा ऐकून होते. ते टेक्ससला असतात, नाताळात दोन दिवस आले होते. माझ्यासमोरच्या सीटवर बसून त्यांनी मला थोपटलं.

"आमच्याकडे ना, इथे गन असते," ते म्हणाले. "लोडेड. गाडीत ठेवायला वेगळं लायसन्स पण लागत नाही. तुझ्या इथे काय आहे? डायजेस्टिव्ह बिस्किटं."

"मामा, इथे हँडगन घरात पण ठेवता येत नाही," धम्मशीला म्हणाली. "गाडीचं काय घेऊन बसलात."

"मग सेल्फ डिफेन्स कसा करता तुम्ही लोक?"

धम्मशीलाने गाडी सुरू केली. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कोण विचारतो? मामांच्या बढाया ऐकून मी घाबरलो होतो. एका खड्ड्यात उघडणारा माझा जबडा, आणि त्यात भरलेली बंदूक? मामा गेले तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. तो फारच लवकर सोडला.

जानेवारीत तिची आई आली, भीमाबाई. नागपुरात एकतीस वर्षं त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. बाई अशा की लोणच्याच्या बरणीवरचा मजकूरही वाचून मग चमचा घालतात. गेल्या आठ मार्चला वस्तीतल्या महिला मंडळाचा कार्यक्रम झाला होता. त्यात खुद्द ठाणेदारसाहेबांनी प्रत्येक बाईला एक गुलाब आणि एक मिरचीचा स्प्रे दिला होता. पोलिसांनी स्टेजवर बोलावून, टाळ्यांच्या गजरात दिलेली वस्तू. ती चुकीची असेल अशी शंका कुणाला येणार? बाईंनी ती मोठ्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, मुलीसाठी आणली.

"इथं ठेवते," त्या म्हणाल्या आणि माझं झाकण उघडून ती लाल बाटली आत सारली. "वेळेवर कामी पडते."

धम्मशीला हसली. किती दिवसांनी हसली. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, आता हिचे हात गरम राहतील.

पुढच्या आठवड्यात तिच्या टीममधल्या सिनियर नर्स अरुणाताई गाडीत होत्या. एका राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात वळताना, मी नेहमीप्रमाणे उघडलो आणि बाटली त्यांच्या मांडीवर पडली.

"अगं, हे कुठून आणलंस?" अरुणाताईंचा आवाजच बदलला. "इथे हा स्प्रे फायरआर्म्सच्या कायद्यात येतो. हँडगन ज्या कलमात आहे, त्याच कलमात."

"मिरचीचा स्प्रे?"

"हो, मिरचीचा. पकडलं तर अरेस्ट होऊ शकते. तुझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन, तुझा आयएलआर, सगळं अडकेल. आजच्या आज पोलिसांत नेऊन दे."

आयएलआर म्हणजे या देशात कायमचं राहायची परवानगी. पाच वर्षं राबून धम्मशीला त्या अर्जापर्यंत पोहोचली होती. अर्ज भरायला सहा आठवडे उरले होते. आणि मित्रांनो, ज्या पिस्तुलाच्या नुसत्या गप्पांना मी घाबरलो होतो, त्याचा सख्खा भाऊ आठवडाभर माझ्याच पोटात लोळत होता.

आता कुणीही म्हणेल, तिने तडक पोलीस स्टेशन गाठायला हवं होतं. नाही गाठलं. पोलिसांनी नाव लिहून घेतलं तर? अर्जात ते निघालं तर? कचऱ्यात टाकावी, तर एखाद्या लहान मुलाच्या हाती लागली तर? आणि आईला काय सांगायचं? आई सातासमुद्रापलीकडून मायेने घेऊन आलेली. नऊ दिवस ती बाटली माझ्यातच राहिली. आधी सिग्नलला हात थंड पडायचे, आता पोलिसांची गाडी दिसली तरी पडायचे. मला तर अगदी वीट आला. अगं बाई, तू जी भीती घालवायला हे ठेवलंस, ती दुप्पट झाली की. पण ग्लोव्ह बॉक्सला ओरडता येत नाही.

दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, मायलेकी बाजारात निघाल्या होत्या. मागून निळे दिवे आले. धम्मशीलाने गाडी कडेला घेतली. एक तरुण पोलीसबाई खिडकीशी आली आणि सौम्यपणे म्हणाली की गाडीची डावी ब्रेक लाइट गेली आहे, दुरुस्त करून घ्या. काम तिथेच संपलं होतं. पण पोलीस दिसल्यावर भीमाबाईंचा चेहरा खुलला. त्यांना आठ मार्चचं स्टेज आठवलं असणार.

"मॅडम, माय डॉटर इज नर्स," त्या अभिमानाने म्हणाल्या. "अलोन ड्रायव्हिंग. बट वुई आर प्रिपेअर्ड. वन मिनिट, आय विल शो."

आणि त्यांनी माझ्या झाकणाला हात घातला.

धम्मशीलाच्या तोंडून "आई" एवढंच निघालं. भीमाबाईंनी ओढलं. मी उघडलो नाही. पुन्हा ओढलं. नाही. खरं सांगायचं तर ती बाटली घरंगळत येऊन तुटक्या कडीच्या खाचेत आडवी अडकली होती. पण मीही त्या क्षणी जीव खाऊन मिटून राहिलो होतो, आणि थोडं श्रेय मी घेणारच.

"इट्स ब्रोकन," धम्मशीला कशीबशी म्हणाली. पोलीसबाई हसली, "नो वरीज" म्हणाली आणि गेली.

जवळच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून धम्मशीला रडली आणि तिने सगळं सांगितलं. भीमाबाई तिच्याकडे वळल्या.

"नऊ दिवस लपवलं माझ्यापासून?"

"तू एवढ्या प्रेमानं आणलं होतंस गं."

"प्रेमानं आणलं म्हणून कायदा बदलते का?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्या देशात जाताना तिथला कायदा वाचायचा, हे मी पोरांना शिकवलं. अन् स्वतः नाही वाचला. फोन लाव पोलिसांना."

"आई, माझा आयएलआर..."

"लपवून मिळालेला कागद घेऊन तू जन्मभर अशीच भीत राहशील. लाव."

फोनवर पस्तीस मिनिटं गाणी ऐकून झाल्यावर कुठल्या ठाण्यात यायचं ते कळलं. त्या ठाण्याच्या आवारात शिरताना स्पीड बम्प लागला आणि मी आपोआप उघडलो. भीमाबाईंनी बाटली ब्रेडच्या पिशवीत घातली. दोघी आत गेल्या. मी तासभर उघड्या तोंडाने त्या दाराकडे पाहत होतो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब तास.

दोघी परत आल्या. आणली मी, असं भीमाबाईंनी सांगितलं होतं. ठाऊक असून नऊ दिवस मी ठेवली, हे धम्मशीलाने आपणहून सांगितलं होतं. सगळं लिहून घेतलं होतं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. त्यात समज दिली होती आणि पुढे कारवाई करणार नाही असं लिहिलं होतं. अर्जात धम्मशीलाने तेही नमूद केलं आणि पत्राची प्रत जोडली. भीमाबाई मार्चमध्ये परत गेल्या. जाण्याआधी त्यांनी गॅरेजमध्ये उभं राहून ब्रेक लाइट बदलून घेतली, आणि माझी कडीसुद्धा.

भीमाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंजुरीचा ईमेल आला; तो तिने गाडीत बसूनच वाचला. वाचून स्टीअरिंगवर डोकं टेकवलं, तर हॉर्न वाजला. डोळे पुसायला टिश्यू हवा म्हणून तिने मला उघडलं. आत लोकरीचे लाल हातमोजे होते. सोबत आईच्या वळणदार, शाळेतल्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'सिग्नलला तुझे हात थंड पडतात. मी पाहत होते.'

भीती गेली का? नाही. सिग्नलला ती अजूनही लॉक तपासते, आणि तपासावंच. पण आता ती हातमोजे घालते, आणि घाबरली की अरुणाताईंना तसं सांगते.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हा ग्लोव्ह बॉक्सांमध्ये आपली भीती कोंबून वर झाकण लावू नका. ती आमच्याने सांभाळली जात नाही. ती आपल्या माणसाला सांगा. आणि आमच्यात अधूनमधून हातमोजे ठेवत जा. ती लाल जोडी आत ठेवून धम्मशीलाने मला हळूच मिटलं, तेव्हा किती वर्षांनी माझ्या तोंडून तो जुना 'टक' निघाला.