फादरच्या घरातली खुंटी

खुंटी अजून ओली होती, नुकतीच तासलेली — बिशप बेतेरोंनी तिला बोट लावलं आणि मागे घेतलं, कारण हेच बोट... याच बोटाने गेल्या महिन्यात बैठकीत त्यांनी नकाशावरचं हे बेट दाबलं होतं, आणि बोटाखाली बेट दिसेनासं झालं होतं, शेजारची दोन्हीही. पाद्री थोडे, पाणी फार. इथे कायमचा फादर नाही. वर्षातून दोनदा कोणीतरी होडीने येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेच सांगायला तर मी आलोय.

आणि या गावकऱ्यांनी घर बांधलंय. फादरसाठी. नव्या केवड्याच्या चटईचा वास...

"झगा टांगायला उंच झाली का हो, बिशपबाबा?" दारातून इओतेब्वाने विचारलं. फादर नसताना रविवारची प्रार्थना तोच चालवतो. "खाली ठोकू?"

"राहू दे रे, ठेंगणा आला तर उड्या मारेल!" मागून म्हातारी नेई काइआबुरे खिदळली. "ठेंगणा द्या, घोरणारा द्या, बिशपबाबा, पण मरताना उशाशी असलेला द्या. आमचे हे होडीची वाट बघत गेले."

बिशप हसले. हसणं सोपं होतं.

ईस्टरला रेडिओवर इओतेब्वाने विचारलं होतं, फादर मिळेल ना? आणि बिशप म्हणाले होते — बघू. तेही असल्याच एका बेटावर वाढलेले. वडील 'बघू' म्हणाले की दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन होडीसाठी झाड शोधायला निघत. नाही म्हणायचं असेल तर इथे माणूस नुसता गप्प बसतो. हे मला ठाऊक नव्हतं? होतं... पण रेडिओ खरखरत होता, पलीकडे तो श्वास धरून थांबला होता, आणि गप्प बसायला जी छाती लागते ती —

"चला, मनेआबात, सभेच्या छपराखाली, सारं गाव चटया टाकून बसलंय," इओतेब्वा म्हणाला. "पण मला आधी सांगा ना, कानात. कधी येणार फादर?"

ती दोन अक्षरं सवयीने वर आली, थेट दातांपर्यंत. बिशपांनी ओठ मिटले. आता नीट सांगायचं, कारणांसह, पहिलं वाक्य कुठलं... पाणी फार, पाद्री... नाही, असं नको...

इओतेब्वाचं हसू तसंच होतं, डोळे मात्र हळूहळू खुंटीकडे वळले. तेव्हा कुठे बिशपांच्या ध्यानात आलं, की आपण केव्हापासून गप्प आहोत.