चुन्यो पहिल्यांदा कुणी तुडवला?

मला माझं नाव तेवढं वाचता येतं. बाकीच्या अक्षरांशी माझं पहिल्यापासून वाकडं. त्यानं कधी अडलं मात्र नाही, कारण लिहायला-वाचायला ओर्तेन्सिया होती. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातांवर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं नातं आहे ते. निदान मी तसं धरून चालले होते.

ओरुरो शहराच्या बाजारात माझा सूपचा गाळा, तिचं लोकरीचं दुकान, मध्ये फक्त एक पडदा. शनिवारी सकाळी सगळ्या गाळ्यांवर रेडिओचा एकच कार्यक्रम लागतो. लोक प्रश्न पाठवतात. साबणाला फेस का येतो, बटण आधी आलं की काज, असले. रेनान नावाचा निवेदक उत्तरं शोधून आणतो आणि ज्याचं उत्तर कुणाकडेच मिळत नाही, त्या प्रश्नाला बक्षीस देतो.

तसा एक प्रश्न माझ्याकडे होता. म्हणजे माझ्या बाबांचा. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. तेव्हा आम्ही बटाटे रात्रभर माळावर पसरून ठेवायचो. सकाळी ते दगडासारखे गोठलेले असायचे. उन्हानं जरा मऊ पडले की अनवाणी पायांनी तुडवून त्यांचं पाणी काढायचं आणि वाळवायचे. झाला चुन्यो, वर्षानुवर्षं टिकणारा. माझे पाय बधिर झाले की बाबा माझे दोन्ही हात धरून मला नाचवायचे आणि विचारायचे, "फाउस्तिना, गोठून वाया गेलेला बटाटा तुडवून खावा, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल गं?" मग स्वतःच म्हणायचे, "सुचलं कसलं, भडकला असेल तो. वर्षाचं पीक थंडीनं खाल्लं म्हणून त्याच्यावरच रागानं नाचला असेल." बाबांचं ना शेत उरलं, ना फोटो. हा प्रश्न तेवढा राहिला.

मला तो रेडिओवर माझ्या नावानं ऐकायचा होता. फाउस्तिना कोल्के, सेवेरो कोल्केची मुलगी. एवढीच हौस.

ओर्तेन्सियानं माझ्याच बाकावर बसून पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. शेवटी "आपली, फाउस्तिना कोल्के" असंही वाचलं. मी खूश होऊन तिला दोन वाट्या सूप वाढलं. कागद काही बघितला नाही. माझं नाव मला ओळखता येतं, तरी बघितला नाही.

तिसऱ्या शनिवारी रेनाननं तो प्रश्न वाचला आणि नाव घेतलं, ओर्तेन्सिया आरान्सिबिया. मला वाटलं, रेडिओवाल्यांनीच घोळ घातला, पाकिटावरचं पाठवणारीचं नाव वाचलं असेल. मी वेडी, तिच्या वतीनं मीच कारणं शोधत होते.

दोन दिवसांनी रेनान माईक आणि बक्षिसाचा प्रेशर कुकर घेऊन बाजारात आला. सगळा बाजार जमला. हा प्रश्न सुचला कसा, असं त्यानं विचारलं. ओर्तेन्सिया माईकजवळ गेली आणि म्हणाली, "माझे बाबा चुन्यो तुडवताना माझे दोन्ही हात धरायचे. म्हणायचे, पहिला माणूस रागानं नाचला असेल."

तिचा बाप स्टेशनच्या खिडकीत तिकिटं विकायचा. त्याच्या पायातले बूट कधी निघाले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली पळी हातातच राहिली. नाव घेतलं ते मी गिळलं असतं. तिनं माझे बाबा घेतले.

चार दिवस मधला पडदा बंद होता. पाचव्या दिवशी तो सारून ती आली आणि कुकर माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, तुझ्याच कामाचा आहे, घे. मी हात लावला नाही. तेव्हा खाली बघत म्हणाली, "तुझ्या नावानं गेलं असतं ना कोमाद्रे, तर पत्र टोपलीत पडलं असतं. कोल्केसारखं आदिवासी आडनाव बघितल्यावर पुढे वाचतं कोण? मी तुझ्या प्रश्नाचं भलंच केलं."

हे खोटं नव्हतं. हे शहर मी चांगलं ओळखते. म्हणून तर जास्त झोंबलं.

"आणि बाप?" मी विचारलं. "तोही आडनाव बघूनच बदललास का?"

ती कुकरच्या शिट्टीशी चाळा करत राहिली. मग खरं काम बाहेर आलं. रेनाननं तिला या शनिवारी स्टुडिओत बोलावलं होतं आणि येताना नवा प्रश्न आणायला सांगितलं होतं. "तुझ्याकडे असतात गं ढीगभर. एखादा दे ना."

"आहे एक. काढ कागद."

कागद-पेन्सिल तिनं बरोबरच आणलं होतं. मी सावकाश सांगत गेले. "एखादीच्या समोर बसून, तिचंच सूप पीत पीत, पत्राखाली आपलं नाव लिहायचं आणि वाचताना मात्र तिचं वाचायचं, हे जमतं कसं?"

तिची पेन्सिल 'सूप'वर अडली. मी म्हटलं, पूर्ण कर. तिनं केलं. वाचून दाखव म्हटलं, तर तिनं कागद माझ्याकडे सरकवला.

मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली आणि खाली माझं नाव लिहिलं. आजवर नुसतं ओळखत होते, लिहिलं पहिल्यांदाच. अक्षरं वेडीवाकडी आली. या वेळी मी ती दोनदा तपासली, मग कागद कुकरमध्ये घातला, झाकण लावलं आणि पडद्यापलीकडे नेऊन ठेवला.