माळ्यावरचा बंदोबस्त

केरसुणी बगलेत मारून जावई शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला, तेव्हा लाँड्रीतल्या दोन्ही इस्त्र्या थांबल्या होत्या. खाली सासूबाईंनी शिडी धरली होती आणि शेजारच्या न्हाव्याने सल्ल्याची बाजू.

“वटवाघूळ केसांत अडकलं की सुटत नाही,” न्हावी म्हणाला. “केसांबद्दल मला तरी शिकवू नका.”

“म्हणून तर यांना चढवलंय,” सासूबाई म्हणाल्या. “तिथे अडकायला काही शिल्लक नाही.”

जावयाने टकलावरून हात फिरवला. लग्न होऊन वर्ष होत आलं, तरी या दुकानात विश्वासाने सोपवलेलं हे त्याचं पहिलंच काम होतं.

“पण ते करतं काय?” त्याने वरून विचारलं.

“रक्त पितं,” न्हाव्याने खालून सांगितलं.

“इकडची नाही पीत. ती किडे खातात.”

“मग रोग पसरवतात,” न्हावी म्हणाला. “आणि नसतील पसरवत, तरी उलटं लटकणाऱ्याचा काय भरवसा?”

“धुतलेल्या चादरी घाण केल्यात त्याने,” सासूबाईंनी वाद मिटवला. “संपवा.”

रजयांच्या गठ्ठ्यांमागे, तुळईला ते लटकलं होतं. फुटक्या तावदानातून उजेड येत होता. चाहूल लागताच एक पंख किंचित उघडला. आत, छातीला चिकटून, अंगठ्याएवढं पिल्लू दूध पीत होतं. थंडीत शाल ओढून घ्यावी तसा आईने पंख पुन्हा मिटला.

जावई पाहत राहिला. मग पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन त्याने एका रजईला मनसोक्त झोडपलं.

“मेलं,” खाली येऊन तो म्हणाला.

“मग आणलंत का नाही?”

जावई केरसुणीच्या काड्या सारख्या करू लागला. सासूबाईंनी बाह्या सारल्या, कापडी पिशवी घेतली आणि त्या स्वतः चढल्या.

वर बराच वेळ काहीच वाजलं नाही. शिडी धरायची सोडून जावई तिलाच टेकून उभा राहिला.

सासूबाई उतरल्या त्या पिशवीचं तोंड मुठीत आवळून. पिशवी टम्म फुगलेली होती.

“आहे आत?” न्हाव्याने मान लांब केली.

“दाखवू?” त्यांनी पिशवी थेट त्याच्या नाकापाशी नेली.

“नको, नको. मेल्यावरसुद्धा नेम नसतो त्यांचा.” दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय असं पुटपुटत तो मागच्या मागे दारातून बाहेर पडला.

सासूबाईंनी मूठ सैल केली. पिशवीतली हवा सुस्कारा टाकावा तशी निघून गेली. त्यांनी तिची नीट चौकोनी घडी घातली.

“चादरी इकडच्या कपाटात हलवू,” जावयाकडे न पाहता त्या म्हणाल्या. “त्या तावदानाची काचही एवढ्यात बसवू नका.”

“बरं, आई.”

त्यांनी इस्त्रीचं बटण दाबलं, बोट ओलं करून तापली का ते पाहिलं आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

“आणि रजई झोडपायची तर बाहेर नेत जा. वर लहान जीव आहे, ठसका लागेल त्याला.”