बाकावर बसवलेला प्रोग्राम

सासऱ्यांनी सगळी नोकरी कारखान्याच्या फाटकावर रखवालदारी करण्यात घालवली. निवृत्त झाले, पण फाटक काही सुटलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर आलं, तसे ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. ‘हा प्रोग्राम ओळखीचा नाही. चालू द्यायचा की अडवायचा?’ अशी पाटी झळकली की ‘अडवा’वर बोट पडलंच समजा. सकाळी त्यांनी प्रिंटरच्या प्रोग्रामला हाकललं आणि दुपारी सुनेच्या प्रोग्रामला.

सून स्वेटरचे नमुने करून विकायची. मापं घातली की टाक्यांचा नकाशा काढणारा प्रोग्राम तिच्या भावाने खास तिच्यासाठी लिहिला होता. तिचे नमुने घेणाऱ्या लोकरवाल्या बाईंना आज संध्याकाळच्या आत छापील नमुना हवा होता, नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं.

“अण्णा, माझा प्रोग्राम अडवलात?”

“अडवला. पाटीच म्हणाली, भामटा आहे.”

“भामटा नाही म्हणाली. ओळखत नाही म्हणाली. जगात तो मी एकटीच वापरते, पाटीला कुठून माहीत असणार?”

“चोराचीही ओळख नसते.”

“लग्नाआधी माझी तरी कुठे होती?”

“तेव्हा चौकशी केली होती,” सासरे बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

सुनेने ते बरोबर पकडलं. “फाटकावर अनोळखी आला की काय करायचात?”

“बाकावर बसवायचो. ज्याच्याकडे आलाय त्याला बाहेर बोलवायचो. त्याने ओळख पटवली तर आत, नाहीतर आल्या वाटेने परत.”

“मग याला बाक का नाही?”

सासऱ्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. “लाव भावाला फोन.”

भावाची उलटतपासणी झाली. फाइलचं नाव काय, आकार किती, पाठवली कधी? सून पडद्यावर ताडून पाहत होती. सगळं जुळलं.

“उठव त्याला बाकावरून,” सासऱ्यांनी हुकूम सोडला.

नकाशा उघडला, पण छापायची वेळ आली आणि प्रिंटर ढिम्म. सुनेने सासऱ्यांकडे नुसतं पाहिलं. ते मुकाट्याने उठले, कपाटावरून प्रिंटरचं खोकं काढलं, चष्मा लावला आणि खोक्यावरचं नाव अडवलेल्या प्रोग्रामच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं.

“माफ करा साहेब,” ते पडद्याला म्हणाले, “आपण तर घरचेच निघालात.”

प्रिंटर घरघरला. पहिला कागद बाहेर येईतो सुनेच्या पायात चपला होत्या.